ज्युबिलीची पंगत : बटाटा, हॅम आणि भट्टी यांचा इतिहास

धर्मग्रामाचा महोत्सव जवळ आला, म्हणजे वेदीची सजावट, गायनवृंदाची तालीम, मिरवणुकीचा मार्ग व बाहेरगांवच्या पाहुण्यांची सोय यांचा विचार सर्वच जण करितात. परंतु ख्रिस्तयाग आटोपून मंडपांत आलेल्या दोनशें माणसांच्या हातीं पहिला घांस कोणता द्यावा, याचा विचार स्वयंपाकाच्या मंडळींवांचून दुसरें कोणी फारसें करीत नाहीं. भूक लागलेलीं मुलें, लांबून आलेलीं वृद्ध माणसें, आणि मुख्य पंगत बसावयास अद्याप तासभर अवकाश, अशा वेळीं भट्टींत भाजलेल्या बटाट्याच्या हॅम घातलेल्या फोडी हा पदार्थ मोठा सोयीचा पडतो. तो करावयास सोपा, हातांत धरून खातां येण्याजोगा, आणि एका वेळीं शेंकड्यांनीं होणारा आहे. परंतु पदार्थ सोपा म्हणून त्याचा इतिहास लहान नाहीं. त्यांतील बटाटा एका खंडांतून आला, हॅम दुसऱ्या खंडांतून. भाजण्याची कला मात्र आपल्या मराठवाड्यांत पूर्वींपासूनच आहे. आणि या तिहींच्या एकत्र येण्यांत एक जुना व नाजूक प्रश्न दडलेला आहे : एका पंगतींत कोण बसतो, आणि कोण न जेवतां परत जातो?

भाजण्यापासूनच आरंभ करूं. ओव्हन हा शब्द इंग्रजी असल्यामुळें ती सारी कला विलायती, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नव्हे. चंपाषष्ठीस खंडोबाचा नैवेद्य वांग्याचें भरीत व रोडगे यांचा असतो. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना या दैवताची आपल्या मुलखांतील थोरवी सांगावयास नको. रोडगा म्हणजे जाड कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजलेला. त्यास तवा नको, तेल नको, आणि भांडेंही नको. शंभर माणसांचे रोडगे एकाच आरांत होतात. पौष-माघांत ज्वारी दुधांत आली, म्हणजे शेतांत हुरड्याची आगटी पेटते. कणसें भाजून झालीं, कीं त्याच उबेंत वांगीं, रताळीं व बटाटे टाकून देण्याची रीत शेतकऱ्यांच्या मुलांस कोणी शिकवावी लागत नाहीं. चोहों बाजूंनीं सारखी, कोरडी व सांचलेली उष्णता हेंच भट्टीचें तत्त्व. तें आमच्या आगटीस फार पूर्वींच ठाऊक होतें.

समुदायास जेवूं घालण्याची रीतही येथें नवी नव्हे. लातूर, नांदेड व धाराशिव या भागांत मार्गशीर्ष अमावास्येस वेळ अमावास्या, म्हणजेच बोलण्यांतली येळवस, साजरी होते. त्या दिवशीं लातूरची बाजारपेठ ओस पडते, आणि सगळें गांव शेतांत जातें. शेंगा व पालेभाज्या एकत्र शिजविलेली भज्जी, ताकांतली आंबील, बाजरीचे उंडे, खीर. आणि ज्यास स्वतःचें शेत नाहीं, त्यास आग्रहानें दुसऱ्याच्या शेतांत नेण्याची चाल. हा सण बहुधा नाताळाच्या आगेमागें येतो. परगांवाहून नोकरीनिमित्त लातुरास आलेल्या माणसास पहिल्याच वर्षीं चार ठिकाणचें बोलावणें येतें, आणि कोणत्या शेतांत जावें हा त्यास पेंच पडतो.

आतां बटाट्याकडे वळूं. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उंच थंड प्रदेशांत तेथील मूळ रहिवाशांनीं हजारों वर्षांपूर्वीं हें पीक माणसाळविलें. स्पॅनिश लोकांनीं तें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत नेलें, आणि हिंदुस्थानांत तें पोर्तुगीजांच्या हातून आलें. गोवा 1510 साली पोर्तुगीजांनीं घेतलें. 1534 च्या तहानें वसईही त्यांच्या ताब्यांत गेली, व 1739 त चिमाजी आप्पांनीं ती जिंकीपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या दोनशें वर्षांच्या सहवासाची साक्ष आमच्या भाषेंत आहे. उत्तरेकडे ज्यास आलू म्हणतात, त्यास मराठींत बटाटा म्हणतात, कारण पोर्तुगीजांचा शब्द बटाटा हाच होता. गंमत अशी कीं, तो शब्द मूळचा कॅरिबियन बेटांतील लोकांचा, आणि त्याचा अर्थ रताळें असा होता. दोन कंदांची नांवें प्रवासांत एकमेकांत मिसळून गेलीं. पाव, काजू, कोबी, चावी, पाद्री हे शब्दही त्याच वाटेनें आले. इतकेंच नव्हे, तर मोठ्या स्वयंपाकांत ज्यांच्यावांचून आचाऱ्याचें चालत नाहीं, तें घमेलें आणि तें पाण्याचें पिंप, या दोन्ही वस्तूंचीं नांवें पोर्तुगीज आहेत. ज्या काळांत हीं नवीं फळेंकंद गोव्याच्या बंदरांत उतरत होतीं, त्याच काळांत, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण तेथें मराठींत छापून प्रसिद्ध झालें, हें येथें सहज स्मरतें.

परंतु किनाऱ्यावर आलेला पदार्थ घाटावर लगेच रुजला नाहीं. बटाट्यास थंड हवा व भुसभुशीत जमीन लागते. पुणें जिल्ह्यांत खेड, मंचर व जुन्नर या बाजूस त्याची लागवड वाढली ती इंग्रजी अमदानींत. आणि आमच्या काळ्या चिकण मातीच्या प्रदेशांत ज्वारी, तूर व कापूस यांचेंच राज्य राहिलें. मराठवाड्याच्या बाजारांत बटाटा पोत्यांनीं येऊं लागला, तो मुख्यतः आगगाडीमुळें. मनमाडाहून औरंगाबाद, जालना व नांदेड यांवरून सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग 1900 च्या सुमारास तयार झाला, आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 त लातुरास पोहोंचली. गाडीबरोबर परगांवचा माल आला, आणि परगांवच्या चवीही आल्या. पुढें परदेशचा हा कंद आमच्या समाजांत इतका मुरला कीं, एकादशीच्या उपवासास ज्वारी चालत नाहीं, पण बटाटा चालतो. चारशें वर्षांपूर्वीं ज्याचें नांवही येथें कोणास ठाऊक नव्हतें, तो आज व्रताचा पदार्थ होऊन बसला आहे. कोणतें अन्न आपलें व कोणतें परक्याचें, हें किती लवकर बदलतें याचें याहून ठळक उदाहरण शोधावयास नको.

हॅमची गोष्ट निराळी. हॅम म्हणजे डुकराची मागची तंगडी मीठ लावून मुरविलेली, आणि पुष्कळदां धुरावर धरलेली. युरोपांत डुकरें हेमंताच्या आरंभीं मारीत. मिठामुळें मांसांतील पाणी बाहेर ओढलें जाई, थंडीमुळें तें नासत नसे, आणि हिंवाळाभर मुरलेलें मांस वसंतांत तयार होई. प्रायश्चित्तकाळाचा मांसत्याग संपून ईस्टरचा सण येई, तोंच हें मांस खाण्याजोगें झालेलें असे. ईस्टर व हॅम यांची सांगड पडण्याचें हें एक साधें कारण आहे. मिठाबरोबर थोडा सोरा घालण्याची रीत होती. सोऱ्यापासून मांसांत नायट्राइट तयार होतें. त्यानें मांसास गुलाबी रंग येतो, आणि बोट्युलिझम नांवाची प्राणघातक विषबाधा करणाऱ्या जंतूंची वाढ थांबते. हा सोरा सतराव्या व अठराव्या शतकांत बिहारांतून जहाजें भरभरून युरोपांत जात असे. बंदुकीच्या दारूसाठीं त्याची मागणी मोठी होती.

उष्ण देशांत मात्र ही कृति साधत नाहीं; मीठ आंत मुरण्याच्या आधींच मांस बिघडतें. म्हणून गोव्यांतील ख्रिस्ती लोकांनीं निराळा मार्ग काढिला. त्यांनीं माडाच्या ताडीपासून केलेला शिरका, लसूण व पुढें मिरची यांचा आधार घेतला. विंदालू हें नांव मद्य व लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांचेंच रूपांतर आहे, आणि गोव्याची चोरीस ही आंतड्यांत भरून उन्हांत व धुरावर वाळविलेली सॉसेज म्हणजे त्या हवेंत शक्य झालेलें खारवलेलें मांस होय. वसईच्या ईस्ट इंडियन घरांतले इंद्याल व सोरपोतेल हेही याच कुळांतले. हॅम मात्र आला तो डब्यांत बंद होऊन. एकोणिसाव्या शतकांत हवाबंद डब्याची युक्ति निघाल्यावर लष्करी छावण्यांत व आगगाडीच्या उपाहारगृहांत तो दिसूं लागला. नांदेड व लातूर 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होते. या मुलखांत डुकराच्या मांसास प्रतिष्ठा नव्हती, आणि आजही आपल्या पुष्कळ घरांत त्याची चाल नाहीं. नांदेडचा ख्रिस्ती व गोव्याचा ख्रिस्ती एकच श्रद्धा बाळगतात. परंतु त्यांचीं ताटें एकसारखीं नाहींत, आणि तशीं असावयास पाहिजेत असेंही नाहीं.

येथें इतिहासांतील एका कटु पानाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. स्पेन व पोर्तुगाल या देशांत जेव्हां यहुदी व मुसलमान यांस बळेंच बाप्तिस्मा दिला गेला, तेव्हां कोण डुकराचें मांस टाळतो याकडे शेजारीपाजारी संशयानें पाहूं लागले. ताट हें श्रद्धेचें परीक्षास्थान झालें. गोव्यांतील धर्मसमीक्षण न्यायालय 1560 पासून, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, 1812 पर्यंत चाललें. त्याच्या 1736 च्या हुकुमांत नवख्रिस्ती लोकांच्या कित्येक घरगुती रीती मना केल्या होत्या; भात मीठ न घालतां शिजविणें ही देखील त्यांतलीच एक. चुलीवरच्या भातांत मीठ आहे कीं नाहीं, यावरून माणसाची श्रद्धा ठरविण्याचा तो काळ होता. तो गेला हें बरें झालें. पण तो होता, हें विसरूं नये.

कारण ख्रिस्तसभेच्या आरंभींच्या दिवसांत हा प्रश्न अगदीं उलट रीतीनें सुटला होता. यापो येथें संत पेत्रास दृष्टांतांत सर्व प्रकारचे प्राणी दिसले, आणि देवानें शुद्ध केलेल्यास अशुद्ध मानूं नको, अशा अर्थाची वाणी झाली. त्याचा खरा उलगडा त्यास झाला, तो कर्नेल्य या परक्या शताधिपतीच्या घरीं पाऊल टाकल्यावर. प्रश्न प्राण्यांचा नव्हता, माणसांचा होता. पुढें अंत्युखियास तोच पेत्र लोकांच्या भयानें परराष्ट्रीयांच्या पंगतींतून मागें सरला, तेव्हां संत पौलानें त्यास तोंडावर दोष दिला. परंतु त्याच पौलानें करिंथकरांस असेंही लिहिलें कीं, खाल्ल्यानें कोणी देवाच्या अधिक जवळ जात नाहीं, आणि आपल्या खाण्यानें भावास अडखळण होत असेल, तर तें मांस आपण सोडून द्यावें. म्हणजे खाण्याची मोकळीक आहे. पण ती दुसऱ्यास पंगतींतून उठविण्यासाठीं नाहीं. ज्या देशांत पंक्तिभेदानें पिढ्यान्‌पिढ्या माणसांस अंगणांत बसविलें, त्या देशांतील आम्हां ख्रिस्ती लोकांस या उपदेशाचें मोल अधिक कळावयास हवें. आमच्यांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांनीं तें अंगण पाहिलेलें आहे.

आणि धडा घ्यावयास दूर जावयास नको. नांदेड येथें गोदावरीच्या तीरीं 1708 साली गुरु गोविंदसिंगांचें निर्वाण झालें. सचखंड हुजूर साहिबाच्या लंगरांत तेव्हांपासून आजवर कोणी कोणाची जात अगर धर्म विचारीत नाहीं. लंगरांतलें अन्न शाकाहारी असतें, आणि त्याचें कारण उघड आहे : जें सर्वांस चालतें, तेंच सर्वांपुढें ठेवावें. गुरुगादीच्या त्रिशताब्दीनिमित्त 2008 साली देशोदेशींचे यात्रेकरू नांदेडास लोटले, तेव्हांही याच नियमानें सर्वांचीं जेवणें झालीं. शीख बंधूही एका ओळींत बसण्यास पंगत हाच शब्द वापरतात, हें मराठी कानास किती गोड वाटतें! लातूरकरांनीं तर हा धडा दुःखांत गिरविला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें घरांखालीं गाडलीं गेलीं. वांचलेल्यांच्या चुलीही ढिगाऱ्याखालीं होत्या. त्या दिवसांत निरनिराळ्या धर्मांच्या व संस्थांच्या लोकांनीं अन्नछत्रें उघडलीं, आणि वाढणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाहीं. पुढें 2016 च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. तेव्हांपासून लातूरच्या गृहिणीस पाण्याचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाहीं; आणि भट्टींत भाजलेल्या पदार्थांस पाणी थोडें लागतें व भांडींही थोडीं खरकटीं होतात, हा त्यांचा गुण तिच्या लगेच ध्यानांत येईल.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे येऊं. दोनशें माणसांस दरडोई तीन फोडी धरल्या, तर 600 फोडी लागतील. एका किलोंत सुमारें बारा भरतील असे मध्यम बटाटे 25 किलो घ्यावेत. त्यांचे 300 नग होतात, आणि प्रत्येकाच्या दोन फोडी. हिरवट झालेले व मोड आलेले बटाटे निवडून टाकावेत, कारण त्यांत सोलॅनिन नांवाचें विष असतें. बटाटे सालीसकट खारट पाण्यांत उकडावेत. सुरी आंत जाईल, पण बटाटा फुटणार नाहीं, इतकेच. नंतर ते कापडावर पसरून निववावेत. गरम असतांना झांकून रचून ठेवूं नयेत. उभे दोन भाग करून चमच्यानें मधला गर काढावा, आणि सालीस चांगलें अर्धें बोट गर राहूं द्यावा, म्हणजे फोड हातांत मोडत नाहीं. असा सुमारें 8 किलो गर निघतो.

या गराचे दोन सारखे वांटे करावेत, आणि पहिल्यापासून अखेरपर्यंत ते वेगळेच ठेवावेत. तीन किलो बारीक चिरलेला कांदा एक किलो लोण्यापैकीं अर्ध्यांत परतून दोन्ही वांट्यांत घालावा. तसेंच दोन लिटर दूध, पाव किलो हिरवी मिरची, कोथिंबीर व 60 ग्रॅम मिरीपूड वांटून घालावी. पहिल्या वांट्यांत 3 किलो वाफवलेले मटार व चवीपुरतें मीठ घालावें. दुसऱ्यांत साडेचार किलो शिजविलेला हॅम बारीक चिरून घालावा, म्हणजे फोडीमागें 15 ग्रॅम पडतो. हॅम मूळचाच खारट असल्यानें यांत मीठ निम्मेंच पुरे. शिजविलेला हॅमच आणावा. डुकराचें मांस अर्धेंकच्चें राहिल्यास पोटांत कृमि होण्याचें भय असतें. फोडी भरून वर उरलेलें लोणी लावावें आणि किसलेलें चीज पसरावें. दोन्ही मिळून 5 किलो चीज पुरतें. 200 अंश सेल्सियसच्या उष्णतेंत वीस ते पंचवीस मिनिटांत चीज वितळून वर सोनेरी डाग पडतात, तेव्हां ताट बाहेर काढावें.

आतां भट्टी कोठची? आपल्या गांवांत बेकरी असते, आणि दिवाळीच्या सुमारास नानकटाईचे डबे घेऊन तेथें रांग लावण्याची संवय सर्व जातिधर्मांच्या बायकांस आहे. पाव काढून झाल्यावर भट्टीची उतरती आंच असते; ती आपल्या पदार्थास उत्तम. मटाराच्या 300 फोडी खुशाल तेथें न्याव्यात. हॅमचीं ताटें मात्र तेथें कदापि नेऊं नयेत. बेकरीवाला बहुधा मुसलमान बंधु असतो; त्यास न सांगतां त्याच्या भट्टींत डुकराचें मांस शिरविणें ही केवळ गैरसोय नव्हे, तर विश्वासघात आहे. आणि त्यास सांगून परवानगी मागणें म्हणजे त्यास संकोचांत पाडणें होय. त्यापेक्षां पांच घरच्या ओव्हनांत, प्रत्येकीं वीस फोडींच्या तीन खेपांत, हॅमच्या 300 फोडी दीड-दोन तासांत आरामांत होतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत वाळू तापवून, वर झांकणावर निखारे ठेवून थोड्या फोडी भाजतां येतात. आमची आगटीच ती, जरा नीटनेटकी केलेली.

मंडपांत दोन मेजें दूर दूर मांडावींत, त्यांवर मोठ्या अक्षरांत पाट्या लावाव्यात, आणि सुऱ्या, चिमटे व वाढपी निरनिराळे ठेवावेत. जैन शेजारी कंदमूळ खात नाहींत. त्यांच्यासाठीं केळीं व भाजलेले चणे असावेत. हॅमच्या फोडी दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवूं नयेत, आणि उन्हाळ्यांत तर तासाभरांत संपवाव्यात. समारंभ प्रायश्चित्तकाळांतील शुक्रवारीं पडल्यास हॅमचें मेज मांडूंच नये. मटाराच्या फोडी त्या दिवशीं सर्वांस पुरतात.

ज्युबिली हा शब्द जुन्या करारांतील पन्नासाव्या वर्षावरून आला आहे. त्या वर्षीं गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत मिळे, आणि दास आपापल्या कुटुंबांत परत जात. म्हणजे ज्युबिलीचा मूळ अर्थ मेजवानी नव्हे; दूर राहिलेल्यास त्याची जागा परत देणें हा होय. तेव्हां महोत्सवाच्या दिवशीं स्वयंपाकाच्या मंडळींनीं फोडी मोजतांना पाहुण्यांची यादीही एकवार वाचावी : बेकरीवाल्याचें घर, शेजारचे शीख व हिंदु कुटुंब, आणि ज्यांचें येणें कांहीं कारणानें बंद झालें असेल तीं आपलींच माणसें. त्यांचें बोलावणें राहिलें असल्यास तें बटाटे उकडावयास टाकण्याआधीं धाडावें.